बुचाची बाटली

तुळजापुरात उपाध्यांची घरं पुष्कळ, पण ‘ड्रेसर’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं एकच माणूस येई, तो म्हणजे मार्तंड. त्यांचे तिघे भाऊ देवीला आलेल्या यजमानांची पूजा सांगत, अभिषेक करवीत. मार्तंडांच्याही वाट्याला वर्षातले काही दिवस येत, पण ते त्यांनी धाकट्या भावाला देऊन टाकले होते. स्टँडामागं एका धर्मादाय ट्रस्टचा वीस खाटांचा दवाखाना होता. तिथं बारा वर्षं ते जखमा धूत, पट्ट्या बांधत आणि लघवी तुंबलेल्या पुरुषांना नळी घालत.

हे काम ते शिकले निर्वासितांच्या छावणीत. रझाकारांच्या दिवसांत सगळं घर सोलापूरला पळालं होतं. तिथल्या दवाखान्यात माणसं अपुरी होती. रक्त बघून या पोराला भोवळ येत नाही, एवढ्याच गुणावर तिथल्या डॉक्टरांनी मार्तंडांना हाताशी घेतलं. पुढं पोलीस अ‍ॅक्शन झाली, घर परत तुळजापूरला आलं, भावांनी पुन्हा पळी-पंचपात्र हातात घेतलं. मार्तंडांचं मन काही त्यात लागेना. ट्रस्टचा दवाखाना निघाला तेव्हा ते आपण होऊन जाऊन उभे राहिले.

भावांना हे रुचलं नाही. परक्यांचा पू आणि मूत उपसून आलेल्या माणसानं परसात अंघोळ केल्याशिवाय माजघरात पाऊल टाकायचं नाही, असा थोरल्यांचा दंडक होता. मार्तंड तो हसून पाळत. त्यांची बायको शारदा चुलीवर पाण्याचं घंगाळ तयार ठेवी. ती एकदा म्हणाली होती की तुमचं सोवळं तर भाऊजींपेक्षा कडक आहे. ते खरंच होतं. दवाखान्यात ते कोपरापर्यंत हात धूत, नखं रोज बघत, आणि त्यांनी धुतलेल्या कात्र्या-चिमट्यांना कुणी नुसतं बोट लावलं तरी पुन्हा उकळायला टाकत. दवाखान्याचे डॉक्टर हणमंतप्पा पाहुण्यांना दवाखाना दाखवताना आधी ड्रेसिंगची खोली दाखवत.

त्या खोलीत फळीवर एक मोठी तपकिरी बाटली असे. साबणासारखं फेसाळणारं एक जंतुनाशक औषध डब्यातून येई, ते ठरल्या मापानं पाण्यात मिसळून या बाटलीत भरलेलं असे. बाटलीचं काचेचं झाकण पहिल्याच वर्षी पडून फुटलं. तेव्हा मार्तंडांनी सालीचं मऊ बूच आणून, चाकूनं तासून, तोंडात घट्ट बसेल असं केलं होतं. लघवीच्या रबरी नळ्या मिळायला कठीण, आणि रोज उकळल्या की त्या चिरत. म्हणून नळी वापरली की वाहत्या पाण्यात धुवायची, आठवड्यातून एकदा उकळायची, आणि एरवी ताटात या औषधी पाण्यात बुडवून ठेवायची, अशी तिथली रीत होती. बाटली मात्र रिकामी होऊ द्यायची नाही, हा मार्तंडांचा स्वतःचा नियम. निम्म्यावर आली की ते वरून नवं औषध ओतत. त्यांच्या घरी देवघरातला पाण्याचा तांब्याही असाच कधी रिता राहत नसे. त्यात चुकीचं काही असेल असं त्यांच्या मनात येण्याचं कारणच नव्हतं.

१९६३ साली, जानेवारीत, अणदूरचा धुळाप्पा धनगर बैलगाडीत आडवा घालून दवाखान्यात आणला. अणदूरचा देव वर्षातून दोन महिने नळदुर्गात मुक्कामाला जाई, तो तेव्हा तिकडंच होता, त्यामुळं निम्मं अणदूर तिकडं गेलेलं. गाडी मिळेपर्यंतच दीड दिवस गेला होता. म्हातारा पासष्टीचा, अंगानं काटक. त्याचं पोट बेंबीपर्यंत फुगलं होतं, आणि तो दातावर दात दाबून नुसता छताकडं बघत होता. दोन दिवस लघवीचा थेंब नव्हता. त्याची बायको म्हाळसाबाई गाडीमागनं चालत आली होती, बरोबर दुसरं कुणी नव्हतं.

मार्तंडांनी ताटातली नळी उचलली, तेल लावलं, आणि म्हाताऱ्याला एकच सांगितलं, की श्वास रोखू नका, मेंढरांना हाक मारता तशी लांब हाक मनातल्या मनात मारा. नळी एका जागी अडली. त्यांनी जोर केला नाही. नुसतं थांबले. मग ती हळूच आत सरकली आणि भांड्यात धार वाजली. भांडं भरलं, दुसरं लावलं. धुळाप्पाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“म्हाराज,” तो म्हणाला, “आता मेलो तरी चालतंय. एवढं सुख म्या जन्मात बघितलं न्हाय.”

डॉक्टर हणमंतप्पांनी तपासून सांगितलं की लघवीच्या वाटेवरची गाठ वाढली आहे, ती सोलापूरला ऑपरेशन करून काढावी लागेल. सोलापूरला विचारलं तर पाळी दोन महिन्यांनी येणार होती. तोवर नळी आतच ठेवायची, खाली बाटली लावायची, आणि दर आठ दिवसांनी येऊन बदलून घ्यायची.

धुळाप्पा आठ दिवस खाटेवर राहिला, म्हणजे खाटेखाली राहिला. गादीवर त्याला झोप येत नसे. मार्तंड आले की तो त्यांना मेंढरांच्या गोष्टी सांगे. कुठल्या मेंढीला कुठली वनस्पती बाधते, कातरणीनंतर पहिल्या थंडीत कोकरांना कसं राखायचं, बोरी नदीच्या काठानं कुठं रान मऊ आहे. तो मधूनच कानडी शब्द वापरी आणि मार्तंडांना कळलं नाही की हसे. घरी जाताना म्हाळसाबाईनं त्या बाटलीला लोकरीच्या दोऱ्याची एक पिशवी विणली. ती कमरेला अडकवून, वर धोतर सोडून म्हातारा पुन्हा मेंढरांमागं जाऊ लागला. दर आठ दिवसांनी तो एस.टी.नं येई, नळी बदलून घेई आणि मार्तंडांच्या खोलीबाहेर पायरीवर बसून भाकरी खाऊन जाई.

तिसऱ्या खेपेला तो आला तेव्हा त्याच्या अंगात ताप होता. हुडहुडी भरून येई, तास-दोन तास दात वाजत, मग घाम सुटे. बाटलीतली लघवी गढूळ होती. अशा रोग्यांना ताप येतोच, नळी म्हणजे शेवटी परकी वस्तू, असं डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी सल्फाच्या गोळ्या दिल्या. ताप उतरला नाही. स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं दिली. दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा हुडहुडी. मग क्लोरॅम्फेनिकॉलच्या कॅप्सूल झाल्या, मग टेट्रासायक्लिन. प्रत्येक नव्या औषधाला म्हाळसाबाई हात जोडे, आणि प्रत्येक वेळी तीन दिवसांनी तीच येऊन सांगे की म्हाराज, पुन्हा थंडी वाजली.

त्याच सुमाराला गावातल्या अंबादासरावांना ताप सुरू झाला. अंबादासराव तहसिलीतून निवृत्त झालेले कारकून. उभी हयात त्यांनी उर्दूत कागद लिहिले, आणि राज्य बदलल्यावर पन्नाशीत मराठी टिपणी शिकले. त्यांनाही नळी होती आणि ती बदलायला मार्तंड त्यांच्या घरी जात. त्यांच्या बाटलीत एक दिवस लघवीला हिरवट झाक दिसली. मार्तंडांना वाटलं, कुठल्या तरी औषधाचा रंग असेल. पाठोपाठ बेंबळीहून आलेल्या एका माळ्याच्या लघवीतही तशीच झाक दिसली. तो माळी खाटेवरच होता.

डॉक्टर हणमंतप्पांना हे बरं वाटेना. सोलापूरच्या एका मोठ्या रुग्णालयात जंतू वाढवून तपासण्याची सोय होती. उकळून कोरड्या केलेल्या तीन बाटल्यांत तिघांची लघवी भरून, त्या ओल्या फडक्यात गुंडाळून मार्तंड पहिल्या एस.टी.नं सोलापूरला घेऊन गेले. तिथल्या प्रयोगशाळेत वनमालाबाई नावाच्या डॉक्टर होत्या, तिशीच्या. त्यांनी बाटल्यांचा वास घेतला, चिठ्ठ्या वाचल्या आणि चौथ्या दिवशी यायला सांगितलं.

चौथा दिवस उजाडायच्या आतच अंबादासराव गेले. दुपारी जेवण झाल्यावर हुडहुडी भरली, रक्तदाब खाली गेला आणि तासाभरात सगळं आटोपलं. त्यांच्या मुलानं मार्तंडांना धरून सांगितलं की बाबांना तुमच्याशिवाय कुणाचा हात नको असायचा. मार्तंड स्मशानात जाऊन आले आणि दुसऱ्या दिवशी सोलापूरला गेले.

वनमालाबाईंनी रिपोर्ट हातात दिला नाही. त्यांनी मार्तंडांना आत बोलावून टेबलाजवळ उभं केलं. टेबलावर काचेच्या चपट्या बशा होत्या, झाकण असलेल्या. पहिली त्यांनी दाखवली ती दुसऱ्याच कुणाची तरी होती. बशीत खिरीच्या सायीसारखा जंतूंचा थर होता आणि त्यावर टिकलीएवढे गोल कागद ठेवलेले. काही कागदांभोवती स्वच्छ, पारदर्शक कडं पडलं होतं.

हा नेहमीचा जंतू आहे, त्या म्हणाल्या. कोलाय. माणसाच्या आतड्यातला. प्रत्येक कागदात एकेक औषध आहे. ज्याच्याभोवती कडं दिसतं ते औषध या जंतूला मारतं. कडं नाही म्हणजे ते औषध देऊन उपयोग नाही.

मग त्यांनी दुसऱ्या तीन बशा पुढं सरकवल्या. झाकण उघडताच गोडसर, पिकलेल्या द्राक्षासारखा वास आला. तिन्ही बशा निळसर-हिरव्या झाल्या होत्या. कागद त्यावर तसेच पडले होते, सल्फाचा, पेनिसिलिनचा, स्ट्रेप्टोमायसिनचा, क्लोरॅम्फेनिकॉलचा, टेट्रासायक्लिनचा. एकाहीभोवती कडं नव्हतं. जंतू कागदांच्या कडांपर्यंत बिनधास्त चढले होते. प्रत्येक बशीत एकच कागद असा होता की ज्याच्याभोवती दोऱ्याएवढं बारीक कडं दिसत होतं.

 दीड महिना धुळाप्पाला ज्या गोळ्या दिल्या, ज्या सुया टोचल्या, त्या सगळ्या वाया गेल्या होत्या, हे त्या बशीकडं बघून कुणालाही कळलं असतं.

वनमालाबाईंनी जंतूचं नाव स्यूडोमोनास असं सांगितलं. तो पाण्यात, ओलीत राहतो, एरवी माणसाच्या लघवीत सहसा येत नाही, असं म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं की हे तिघं एका गावचे आहेत का. मार्तंड म्हणाले, नाही, एक अणदूरचा, एक तुळजापूरचा, एक बेंबळीचा. एका खोलीत होते का? नाही, एक तर दवाखान्यात आलेलेच नव्हते.

“तीन माणसांत एकच जंतू, आणि तोही औषधांना अगदी सारखाच दाद न देणारा, असं आपोआप होत नाही,” वनमालाबाई म्हणाल्या. “तिघांच्यात सारखं काय आहे, ते आठवून सांगा.”

 मार्तंडांना उत्तर शोधावं लागलंच नाही.

“तिघांना नळी मी घातली,” ते म्हणाले.

वनमालाबाई त्यांच्यावर चिडल्या नाहीत. खाली बसायला सांगून त्यांनी नळी कशी ठेवता, कशी धुता, सगळं बारकाईनं विचारलं. मार्तंडांनी सांगितलं. सांगताना मध्येच त्यांच्या आवाजात नेहमीचा अभिमानही आला, कारण ती रीत त्यांना पाठ होती आणि ती चोख आहे याची त्यांना खात्री होती. बाटलीचं सांगून झाल्यावर बाईंनी विचारलं की ती शेवटची पूर्ण रिकामी करून कधी धुतली. मार्तंडांना आठवेना. पाच वर्षं झाली असतील. सहाही असतील. बाईंनी ती बाटली, बूच आणि नळ्यांचं ताट आहे तसं घेऊन यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी एस.टी.त मार्तंड ती तपकिरी बाटली मांडीवर धरून बसले. रस्ताभर औषध आत डचमळत होतं आणि त्याचा फेस काचेला लागत होता. शेजारच्या माणसानं तीर्थ आहे का म्हणून विचारलं. मार्तंडांनी मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून, हे त्यांना स्वतःलाही कळलं नाही.

तीन दिवसांनी वनमालाबाईंनी त्यांना बशा दाखवल्या. बाटलीतल्या पाण्याच्या बशीत तोच हिरवा रंग होता. ताटातल्या पाण्याच्याही. बूच कापून त्याचा तुकडा ठेवला होता ती बशी सगळ्यांत गडद होती.

मार्तंड म्हणाले की पण ते जंतुनाशक आहे. हे वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं. बाईंनी समजावून सांगितलं. बूच म्हणजे झाडाची साल, तिला असंख्य बारीक भोकं असतात. त्यांत औषध शोषलं जाऊन फिकं पडतं आणि जंतू आत दडून राहतात. जुन्या पाण्यावर नवं ओतत गेलं की जुने जंतू मरत नाहीत, उलट त्या औषधालाच सरावतात. परदेशातल्या मोठमोठ्या रुग्णालयांत हे घडलंय, तिथल्या डॉक्टरांच्याही लक्षात यायला वर्षं गेली. तुम्हाला कळायला काही मार्गच नव्हता, असंही त्या म्हणाल्या. मार्तंडांना ते ऐकू आलं, पण त्यानं त्यांना काहीच वाटलं नाही.

तुळजापूरला येऊन त्यांनी डॉक्टर हणमंतप्पांना सगळं सांगितलं. डॉक्टर खुर्चीत मागं टेकून बसले. रीत त्यांनीच घालून दिलेली होती, हे दोघांनाही माहीत होतं. शेवटी ते म्हणाले की आजपासून सगळ्या नळ्या प्रत्येक वेळी उकळायच्या, चिरल्या तर चिरू देत. औषध रोज ताजं करायचं. काचेचं झाकण मी मागवतो. आणि हे बाहेर कुठं बोलायचं नाही. लोक दवाखान्यात यायचे थांबतील, आणि मग लघवी तुंबलेला माणूस घरीच मरेल. मार्तंडांना या बोलण्यात खोट काढता येईना, आणि ते पचवताही येईना.

बेंबळीचा माळी नळी काढल्यावर आपोआप सावरला. त्याची लघवी मोकळी झाली होती, त्यामुळं नळीची गरज उरली नव्हती, आणि नळी गेल्यावर जंतूही हळूहळू गेला. धुळाप्पाची नळी काढली की सहा तासांत पोट फुगे. ती काढणं शक्य नव्हतं, आणि ती आहे तोवर जंतू जाणार नव्हता. ऑपरेशनची पाळी आली, पण तापात ऑपरेशन करता येत नाही म्हणून सोलापूरच्या सर्जननी परत पाठवलं.

बारीक कडं पडलं होतं ते औषध पॉलिमिक्सिन. ते सोलापुरात नव्हतं. वनमालाबाईंनी मुंबईला त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरांना पत्र लिहिलं, आणि बारा दिवसांनी एका खोक्यात दहा कुप्या आल्या. ते खोकं घेऊन आलेल्या मार्तंडांना वाटलं होतं की आता सुटलो. त्यांनी वाटेत बसमध्ये पहिल्यांदा डोळे मिटले होते.

तोवर धुळाप्पाला पुन्हा दवाखान्यात ठेवून घेतलं होतं आणि त्याचे पाय सुजले होते. तोंडाला वास येऊ लागला होता, आणि तो बोलता बोलता झोपून जाई. डॉक्टरांनी रक्त तपासून आणवलं. दोन्ही मूत्रपिंडं निकामी होत चालली होती. आणि हे औषध नेमकं मूत्रपिंडांवरच उलटतं. तरी डॉक्टरांनी निम्म्या मात्रेनं सुरू केलं. दोन दिवसांत ताप उतरला. तिसऱ्या दिवशी बाटलीत दिवसभरात पावशेरही लघवी आली नाही. इंजेक्शन थांबवावं लागलं. ताप पुन्हा चढला. उरलेल्या कुप्या खोक्यात तशाच राहिल्या. मार्तंड दिवसातून दोन-तीनदा कपाट उघडून त्यांच्याकडं बघत. जंतूला मारणारं औषध हातात होतं, आणि ते द्यायचं नव्हतं.

आठवड्यानं म्हाळसाबाई म्हणाली की आता घरी न्यू द्या. डॉक्टरांनी अडवलं नाही.

चैत्र लागला होता. मार्तंड नळी बदलायला अणदूरला गेले. उकळलेली नळी त्यांनी स्वच्छ फडक्यात गुंडाळून छातीशी धरली होती. धुळाप्पा मेंढवाड्याशेजारी, लिंबाखाली घोंगडीवर पडला होता. त्यानं ओळखलं. सावलीत हात धुवायला म्हाळसाबाईनं तांब्या आणून दिला. नळी बदलून झाली तेव्हा मार्तंड उठले नाहीत. तिथंच मातीत बसून राहिले. डॉक्टरांनी घातलेली बंदी त्यांना आठवत होती.

“धुळाप्पा,” ते म्हणाले, “हा ताप तुम्हाला माझ्या नळीतून आला. औषधाच्या पाण्यातच जंतू होते. मला कळलं नाही. तुमचं हे माझ्यामुळं झालं.”

 म्हाताऱ्याला किती कळलं ते समजेना.

“त्या दिशी नळी घातली नसती तर म्या तवाच गेलो असतो, म्हाराज,” तो थांबत थांबत म्हणाला. “वरचं दोन मईनं मेंढरं बघितली, त्ये कुणामुळं?”

मार्तंड पुन्हा सांगू लागले. बाटलीचं, बुचाचं, बशांचं. म्हाळसाबाईला वाटलं की म्हाराज उन्हातनं आलेत, थकलेत. तिनं त्यांच्यापुढं दुधाचा पेला ठेवला. जंतू म्हणजे काय, ते दिसत का नाहीत, आणि न दिसणाऱ्या गोष्टीबद्दल हा भला माणूस स्वतःला का दोष देतोय, हे तिला उमगत नव्हतं. तिला एकच विचारायचं होतं, आणि ते तिनं विचारलं. अजून एखादं औषध हाय का न्हाय, तेवढं सांगा. मार्तंडांनी सांगितलं की आहे, पण यांच्या अंगाला ते सोसत नाही. मग न्हायच म्हणायचं, ती म्हणाली, आणि मेंढरांना पाणी दाखवायला उठली.

धुळाप्पा पाच दिवसांनी गेला. निरोप आला तेव्हा मार्तंड एका पोराच्या भाजलेल्या पायाची पट्टी सोडत होते. ती त्यांनी पुरी केली.

घरी त्यांनी शारदेला सांगितलं. ती ऐकत होती, रडली, आणि म्हणाली की तुम्ही मुद्दाम थोडंच केलं. थोरल्या भावांना सांगावं असं त्यांना एकदा वाटलं, निदान ते तरी काही कठोर बोलतील. पण थोरले म्हणाले असते की तरी मी सांगत होतो, हे काम सोड. त्यांना कामाला दिलेला तो दोष नको होता. अंबादासरावांच्या मुलाकडं ते दोनदा गेले आणि दोन्ही वेळा चहा पिऊन परत आले. तो बाप आठवून इतक्या मायेनं बोलत होता की सांगायचं राहूनच गेलं. सगळ्या तुळजापुरात आणि अणदुरात त्यांना दोषी म्हणायला कुणीही तयार नव्हतं. नोकरी सोडावी म्हणून त्यांनी चिठ्ठी लिहिली. डॉक्टर हणमंतप्पांनी ती वाचली आणि विचारलं की नळी न अडवता, न टोचता घालणारं दुसरं कोण आहे इथं? मार्तंडांनी चिठ्ठी परत घेतली.

ते काम करत राहिले. आता प्रत्येक नळी ते स्टोव्हवर स्वतः उकळत, घड्याळ लावून. पण उकळलेली नळी उचलताना आधी त्यांचा हात जसा सहज पुढं जाई तसा जाईना. नळी आत सरकून धार वाजली की पूर्वी रोग्याबरोबर त्यांनाही हलकं वाटे. आता ते फक्त दिवस मोजत, कारण नळीचा ताप यायचा तो चौथ्या दिवसाच्या सुमाराला. चौथ्या दिवशी रोग्याच्या कपाळाला हात लावायची त्यांना भीती वाटे, आणि लावल्याशिवाय राहवतही नसे.

पुढच्या वर्षी, सुगी संपताना, म्हाळसाबाई पुन्हा दवाखान्यात आली. बरोबर तिचा भाऊ रामलिंग होता. त्याचीही लघवी अडली होती. नळदुर्गात सरकारी डॉक्टर होते, ते जवळही पडलं असतं, पण ती त्याला तिथून उठवून इथं घेऊन आली होती. डॉक्टर हणमंतप्पा म्हणाले की मी घालतो नळी. ती नको म्हणाली. म्हाराजांनीच घालायची.

मार्तंडांनी घातली. तिला बाहेर बसवून त्यांनी नळी वीस मिनिटं उकळली, मग आणखी वीस. चौथ्या दिवशी रामलिंगला ताप आला. मार्तंडांनी लघवी घेतली आणि कुणाला न विचारता एस.टी. पकडली. तीन दिवसांनी ते पुन्हा सोलापूरला गेले. वनमालाबाईंनी बशी दाखवली तेव्हा आधी त्यांनी तिचा रंग बघितला. हिरवा नव्हता. कोलाय होता, साधा, आणि सल्फाच्या कागदाभोवती रुपयाएवढं स्वच्छ कडं होतं. गोळ्यांनी ताप गेला, महिनाभरात सोलापूरला ऑपरेशन झालं, रामलिंग आपल्या पायांनी चालत घरी गेला.

जाताना म्हाळसाबाईनं नव्या कातरणीच्या लोकरीची एक घोंगडी मार्तंडांच्या पायरीवर ठेवली. ते नको नको म्हणत होते.

“तुमच्या हाताला गुण हाय, म्हाराज,” ती म्हणाली. “आमच्या म्हाताऱ्याचं आयुष्यच तेवढं व्हतं. त्येला तुमी काय करनार.”

मार्तंडांनी बोलायला तोंड उघडलं. तिची एस.टी. सुटायची वेळ झाली होती, आणि ती भावाचा हात धरून स्टँडाकडं निघालीही होती.